दोन ताटल्या, एक दिवा आणि मुंबईचा पाऊस

विज्ञान प्रदर्शनात एक मांडणी हमखास भेटते. एका ताटलीत कोरडी वाळू, दुसरीत पाणी, वर विजेचा दिवा आणि मध्ये उदबत्ती. वाळू लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, तिची जागा घ्यायला पाण्यावरची हवा सरकते आणि धूर वाळूकडे झुकतो. मुलुंडच्या एका शाळेत परीक्षक म्हणून गेलो असता ही मांडणी पुन्हा पाहिली. मुलांनी दर पाच मिनिटांनी तापमानाच्या नोंदी प्रामाणिकपणे केल्या होत्या. मागे तक्ता होता, 'मान्सून कसा येतो?' माझी तक्रार आहे ती या मथळ्याबद्दल.

खाऱ्या वाऱ्यांसाठी हा प्रयोग उत्तम आहे. मार्च-एप्रिलमध्ये समुद्रावरून येणारी झुळूक अंधेरीच्या पश्चिमेला आधी पोहोचते, घाटकोपर-मुलुंडला उशिरा. ती सुटायला वेळ लागला की त्या दिवशी पारा चढतो. हे मुलांच्या अंगावरचे उदाहरण आहे. पण एका दिवसाचा हा खेळ मोठा करून चार महिन्यांच्या पावसाला लावला की घोटाळा सुरू होतो. घोटाळा जुना आहे. १६८६ मध्ये एडमंड हॅली यांनी मोसमी वाऱ्यांचे कारण जमीन आणि समुद्र यांच्या असमान तापण्यात शोधले, आणि आपली पुस्तके बहुधा तिथेच थांबली.

आता मुलांना एक प्रश्न विचारून पाहा. मुंबईवर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. (मेमधील शून्य सावली आपण मुलांना मैदानात दाखवतो, जुलैमधली ढगांमुळे बहुधा हुकते.) सूर्य तोच, कोनही तोच. मग मे कोरडा आणि जुलै ओला का? जमीन तर मे महिन्यात अधिक तापलेली असते. वाळूचे तापणे हेच कारण असते तर धो धो पाऊस मेमध्ये पडायला हवा होता.

याच मांडणीत आणखी एक गोष्ट करता येते. प्रयोग अर्ध्यावर आला की वाळूवर पाणी शिंपडावे. वाळू निवते. मांडणीच्या तर्काप्रमाणे आता वारा मंदावला पाहिजे. प्रत्यक्षात जूनमध्ये जमीन भिजून गार झाल्यावरही नैऋत्य वारे सप्टेंबरपर्यंत वाहतात. जॉर्ज सिम्प्सन यांनी १९२१ मध्ये हाच आक्षेप घेतला होता: जमीन पावसाळ्यापेक्षा त्याआधी जास्त तापलेली असते आणि पाऊस ओढ देतो त्या वर्षीही ती जास्तच तापते. पुण्यात जन्मलेल्या, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधन केलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी २००३ च्या आढावा लेखात पुरावे तपासून सांगितले की मान्सून म्हणजे अवाढव्य खारे वारे नव्हेत. विषुववृत्ताजवळ दोन्ही गोलार्धांतील वारे एकत्र येऊन हवा वर चढते, ढग बनतात. तो पट्टा सूर्यामागोमाग उत्तरेला भारतावर सरकतो. जमिनीच्या तापण्याला त्यात काही वाटा आहे, पण सगळे श्रेय देता येत नाही.

मांडणीत मला सर्वात खटकली ती वाफेची अनुपस्थिती. समुद्रावर पडणाऱ्या उन्हाचा मोठा हिस्सा पाणी तापवण्यात नव्हे, तर त्याची वाफ करण्यात खर्च होतो. एक लिटर पाण्याच्या बाष्पीभवनाला सुमारे २५ लाख ज्यूल लागतात. ही अप्रकट उष्णता वाफेबरोबर प्रवास करते आणि ढगात वाफेचे थेंब होताना मोकळी होते. त्या उष्णतेने हवा आणखी वर चढते आणि खालून नवी दमट हवा ओढून घेते. म्हणून खालची जमीन गार झाली तरी वारा थांबत नाही.

२६ जुलै २००५ च्या पावसाला हे गणित लावू. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर ९४४ लिटर. त्याची अप्रकट उष्णता येते सुमारे २३६ कोटी ज्यूल, विजेच्या हिशेबात साधारण ६५५ युनिट. उन्हाळ्याच्या निरभ्र दिवशी तेवढ्याच जागेवर साडेसहा युनिटच्या आसपास ऊन पडते. म्हणजे शंभर दिवसांचे ऊन एका दिवसात मोकळे झाले! ते सांताक्रूझचे ऊन नव्हते. दूरवरच्या समुद्रावर पडलेले ऊन वाफेच्या रूपाने वाऱ्याने वाहून आणले होते. आणि त्याच चोवीस तासांत वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला पडले ७३ मिलिमीटर. दोन्हीकडे समुद्र जवळ, सूर्य सारखाच. वाळू-पाण्याच्या ताटल्या या फरकाबद्दल एक अक्षर बोलू शकत नाहीत. दमट हवा नेमकी कुठे उसळते त्यावर तो ठरतो.

ज्या मुलांच्या घरात त्या दिवशी कमरेएवढे पाणी शिरले, ती आज मोठी झाली आहेत; काही जण शिक्षकही असतील. त्यांना शाळेत शिकवलेले कारण त्यांच्याच पावसाला पुरे पडत नाही, हे मला फार लागते.

दुरुस्ती महाग नाही. पाणी कोमट घ्यावे, ताटलीवर पारदर्शक प्लॅस्टिक ताणावे, वर बर्फाचे खडे ठेवावेत. प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला थेंब धरतात आणि वर बर्फ वितळताना दिसतो. त्या वितळण्यात वाफेने सोडलेल्या उष्णतेचाही वाटा असतो. मुलुंडच्या मुलांना मी हे सुचवले. नोंदींसाठी गुण भरपूर दिले आणि मथळा खोडून 'खारे वारे कसे येतात?' असा लिहायला सांगितला.