ध्वनिमुद्रिकांची पाठशुद्धी

एकाच ग्रंथाच्या तीन आवृत्त्या घरात बाळगणाऱ्या गृहस्थाला आपण अभ्यासक म्हणतो. एकाच गायनाच्या तीन तबकड्या बाळगणाऱ्याला मात्र त्याचे घरचे लोकही छांदिष्ट ठरवून मोकळे होतात. या भेदामागे एक समजूत दडलेली आहे. ग्रंथाचा पाठ आवृत्तीगणिक बदलतो हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. आवाज मात्र एकदा मुद्रित झाला की कायम तोच राहतो, असे आपण धरून चालतो. ही समजूत खरी नाही, आणि ती खरी नसल्यामुळे आपल्या संगीताचे किती नुकसान झाले, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाची हकीकत या पानांच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. १६१६, १६४९ आणि १६५४ असे तीनदा ते छापले गेले आणि त्या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज हाती नाही. पुढे १९०७ साली जे. एल. साल्ढाणा यांनी मंगळूरहून रोमन लिपीतली आवृत्ती काढली, १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले, आणि १९९६ साली फादर कारिदाद द्रागो यांची आवृत्ती आली. लंडनमधील मार्सडेन संग्रहातल्या देवनागरी हस्तलिखिताने अभ्यासकांपुढे आणखी प्रश्न उभे केले. या सर्व खटाटोपाला कोणी छंद म्हटले नाही. मग अनुपलब्ध झालेली सीडी शोधत हिंडणाऱ्याकडे आपण इतक्या मिश्किलपणे का पाहतो?

या संग्राहकांचा शोध कशाचा असतो, हे आधी सांगितले पाहिजे. सीडी १९८२ साली जपानमध्ये प्रथम विक्रीस आली. बारा सेंटिमीटरच्या त्या तबकडीवर आवाज आकड्यांच्या रूपाने साठविलेला असतो. दर सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर वेळा त्याचे मोजमाप होते. आकडे बदलत नाहीत, तेव्हा सर्व सीडी सारख्याच वाजणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ते आकडे कोणत्या फितीवरून घेतले, ती फीत मूळची की तिच्या नकलेची नक्कल, ती कोणत्या यंत्रावर वाजविली, आणि पुढे बसलेल्या तंत्रज्ञाने मंद्र सप्तक फुगविले की तार सप्तक उजळले, यावर सारे अवलंबून असते. अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या संस्थेने १९८७ पासून मूळ फिती मिळवून सोन्याचा पातळ थर दिलेल्या सीडी काढल्या. असे परवाने मर्यादित काळासाठी असत. मुदत सरली की आवृत्ती संपे आणि किंमत चढू लागे. बीटल्सच्या ‘ॲबी रोड’ची एक सीडी जपानमध्ये १९८३ साली निघून लगेच मागे घेतली गेली, बीटल्सच्या अधिकृत सीडी त्यानंतर चार वर्षांनी, १९८७ साली आल्या. जगभरचे संग्राहक ती जपानी तबकडी आजही हुडकत असतात.

सोन्याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. सोने गंजत नाही, एवढाच त्याचा गुण. त्याने आकडे गोड होत नाहीत. त्या आवृत्त्यांचे मोल कोणती फीत उघडली गेली आणि कोणी काळजीने ऐकून मुद्रण केले यात आहे. नव्वदीच्या दशकापासून सीडी अधिकाधिक मोठ्याने वाजावी म्हणून हळू जागा वर उचलण्याची आणि मोठ्या जागा दाबण्याची रीत पडली. नाचाच्या गाण्याला ती कदाचित खपेल. ख्यालाला ती मारक आहे. आलापीतला हलका स्वर आणि द्रुत तानेचा जोर एकाच पातळीवर आणून ठेवले, तर गवयाने तासभर रचलेली चढण सपाट होते. म्हणून जुनी, हळू वाजणारी सीडी पुष्कळदा नव्या ‘सुधारित’ सीडीहून अधिक प्रामाणिक असते.

आम्ही हे लिहितो ते कात्रजहून, आणि येथे राहणाऱ्याला या विषयाची एक उपमा आयती सापडते. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजच्या तलावाचे पाणी दगडी नळातून पुण्यात नेले. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले, आणि शहरात ते पाणी हौदाहौदांतून खेळविले. हौदावर घागर भरणाऱ्या बाईला कात्रजच्या तलावाशी काही कर्तव्य नव्हते. तिच्या लेखी पाणी हौदाचे होते. आपण श्रोते बहुधा अशाच हौदांवर उभे असतो. मूळ फीत, तिची नक्कल, त्या नकलेवरून एल.पी., एल.पी.वरून कॅसेट, कॅसेटवरून कोणी केलेली सीडी, अशा टप्प्यांनी आवाज आपल्यापर्यंत येतो. प्रत्येक टप्प्यात काही गळते आणि काही मिसळते. संग्राहक नळाच्या कडेकडेने उलटा चालत तलावाकडे जाऊ पाहतो. सातारा रस्त्यावरची वाहने रात्री उशिरा जरा विसावली, म्हणजे आमच्या खोलीत दोन आवृत्त्यांतला भेद कानाला कळू लागतो. दिवसा तो कळणे कठीण, हेही येथेच नमूद केलेले बरे.

मात्र या मंडळींचा एक दोष झाकून चालणार नाही. त्यांचा स्वतःच्या कानावर फाजील विश्वास असतो. २०२२ साली असे उघड झाले की, वर उल्लेखिलेल्या मोबाइल फिडेलिटीच्या ज्या एल.पी. तबकड्या निखळ फितीवरून केलेल्या म्हणून जाणकार डोक्यावर घेत होते, त्यांपैकी पुष्कळांच्या घडणीत कित्येक वर्षे आकड्यांची एक पायरी होती. प्रकरण न्यायालयात गेले. आमच्या दृष्टीने त्यातला बोध कज्जेदलालीचा नाही. वर्षानुवर्षे कोणाच्याही कानाला ती पायरी ऐकू आली नव्हती, ही खरी गोष्ट. अर्थात कान हा साक्षीदार चांगला असला तरी एकटा पुरत नाही. त्याच्या जोडीला कागद हवा: मुद्रण कधी झाले, कोठे झाले, कोणी केले, प्रत कशावरून घेतली. पाठचिकित्सा करणारा पंडित हेच प्रश्न पोथीला विचारतो.

आता आपल्या घराकडे वळू. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावत असे. पण ‘७८’ हा आकडा सर्वमान्य झाला तो नंतर. आरंभीच्या तबकड्या कमी-अधिक वेगाने मुद्रित होत. साडेत्र्याहत्तर फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ ने वाजविली, तर अख्खे गाणे अर्ध्या स्वराने वर चढते. काळी एकचा गवई पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो, लय घाईची होते आणि कंठ कोवळा वाटतो. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९०५ च्या सुमाराच्या तबकड्यांवरून त्यांच्या तरुण आवाजाविषयी काही लिहावयाचे, तर आधी हा वेग ठरविला पाहिजे. पुन्हा खरखरीचा प्रश्न आहेच. यंत्राने खरखर पुसताना तिच्याबरोबर तंबोऱ्याची जवारी आणि गाणाराचा श्वासही पुसला जातो. आमच्या संग्रहात एकाच गायिकेच्या एकाच तबकडीची दोन सीडी-रूपे आहेत. एकीत पावसासारखी खरखर आहे आणि तिच्या आड बाई जिवंत बसलेल्या आहेत. दुसरी स्वच्छ आहे. तीत आवाज आहे, बाई नाहीत. दोहोंच्या वेष्टनांवर मूळ तबकडीचे साल नाही, क्रमांक नाही, साथीदारांची नावे नाहीत. काढणाऱ्या कंपन्यांची नावे घेण्याचे कारण नाही, कारण ही रीत सार्वत्रिक होती.

केसरबाई केरकर यांचे उदाहरण या संदर्भात विलक्षण आहे. गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या या गायिकेची ‘जात कहां हो’ ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीसाठी निवडली गेली, तेव्हा ती एल.पी. बाजारातून नाहीशी झालेली होती. निवड करणाऱ्यांना ती अखेरीस न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवरील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात सापडली. पृथ्वीचा आवाज म्हणून जे गाणे ताऱ्यांकडे धाडले गेले, ते दुकानातल्या अडगळीतून निघाले! ती तबकडीही तांब्याची असून तिला सोन्याचा मुलामा आहे. सोन्याचा खरा उपयोग झाला असेल तर तो तेथे. यानांची उड्डाणे ऑगस्ट व सप्टेंबर १९७७ मध्ये झाली आणि १६ सप्टेंबर रोजी केसरबाई निवर्तल्या.

पण आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो या कथेचा उत्तरार्ध. चाळीस वर्षांनी, २०१७ च्या सुमारास, ओझ्मा रेकॉर्ड्स या लहानशा संस्थेने मूळ फितीवरून या संग्रहाची नवी आवृत्ती काढली. आवाज तर सुधारलाच. पण त्याबरोबर माहितीही तपासली गेली. जे तालवादन इतकी वर्षे सेनेगलचे म्हणून सांगितले जात होते, ते बेनिनमधील माही वादकांचे आहे, असे त्यात नोंदले गेले. त्या वादकांना त्यांचा देश परत मिळाला. आवृत्ती अशी असावी.

गीतरामायणाविषयी मराठी रसिकांची जी गफलत होते, तीही येथेच सांगावी. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची छप्पन्न गीते पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झाली, तेव्हा ती अनेक कंठांतून आली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, लता मंगेशकर, सुरेश हळदणकर असे कितीतरी गायक त्यात होते. पुढे जे गीतरामायण तबकड्यांच्या आणि कॅसेटींच्या रूपाने घरोघर गेले, ते एकट्या फडक्यांच्या आवाजातले. दुसऱ्या आवृत्तीचे थोरपण कोण नाकारील? तिच्यात एक कथेकरी आहे आणि त्याचा शब्दोच्चार आजही आदर्श म्हणून दाखवावा असा आहे. परंतु पहिल्या आवृत्तीत नाट्य होते. सीता सीतेच्या कंठाने बोलत होती. दुसरीलाच मूळ मानणाऱ्या पिढीला आपण काय ऐकले नाही याची कल्पनाच नसते. समीक्षकाने निदान कोणत्या आवृत्तीविषयी लिहितो आहोत, एवढे तरी सांगावे.

नावांचा प्रश्न आमच्या समाजाला विशेष लागू आहे. हिंदी चित्रपटसंगीताच्या भरभराटीच्या काळात वाद्यमेळाची बांधणी करणारे सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड हे गोव्याचे ख्रिस्ती संगीतकार होते. चर्चच्या शाळांतून गोव्याच्या मुलांना मिळालेले स्वरलेखनाचे शिक्षण मुंबईच्या स्टुडिओंत कामी आले. तबकडीच्या चकतीवर मात्र गायक, संगीतकार, गीतकार एवढ्यांनाच जागा. प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूचे नाव १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात गुंफले म्हणून ते सर्वतोमुखी झाले, आणि तेही विनोदी गाण्यातले पात्र म्हणून. ग्रेगरी बूथ यांनी वादकांना प्रत्यक्ष भेटून २००८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, तोवर त्यांतले अनेकजण काळाच्या पडद्याआड गेले होते. या गाण्यांच्या सीडी पुन्हा पुन्हा निघाल्या. प्रत्येक वेळी ती रिकामी जागा भरण्याची संधी होती.

ती भरता येते, याचा दाखलाही आहे. पंडित विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांचे ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ १९९२ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे, सेंट अँथनी सेमिनरीच्या ख्रिस्तराजाच्या चॅपलमध्ये मुद्रित झाले. दोघे पूर्वी कधी एकत्र वाजवावयास बसले नव्हते. वॉटर लिली अकूस्टिक्सच्या कविचंद्रन अलेक्झांडर यांनी मोजक्या मायक्रोफोनांनी, फितीवर, चॅपलच्या घुमाऱ्यासकट ते टिपले. ज्याने रिकाम्या चर्चमध्ये एकट्याने गाऊन पाहिले आहे, त्याला मोहनवीणेचा स्वर थांबल्यावर भिंतींनी तो किती वेळ जपून ठेवला, हे ही तबकडी ऐकताच कळेल. १९९४ साली तिला ग्रॅमी मिळाले. स्थळ, काळ आणि साधने यांची नोंद ठेवणे हा तेथे कामाचाच भाग होता.

आपल्याकडे हे काम कंपन्यांनी केले नाही. ते हौशी माणसांनी केले. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली आणि डॉ. सुरेश चांदवणकर यांच्या चिकाटीने तिचे ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक चालले. मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन संशोधकाने १८९९ ते १९०८ मधील भारतीय तबकड्यांची क्रमवार यादी सिद्ध केली; ती १९९४ साली मुंबईतूनच प्रसिद्ध झाली. ज्या पुण्यात भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ पन्नास वर्षे खपून, बाराशेंहून अधिक हस्तलिखिते धुंडाळून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, त्या पुण्याला किराणा किंवा जयपूर घराण्याच्या एकाही गवयाची चिकित्सक ध्वनि-आवृत्ती का काढता येऊ नये? तबकड्या आहेत, वेग मोजण्याची साधने आहेत, जाणते कानही अजून आहेत.

तोवर घरच्या घरी करण्याजोगी एक गोष्ट आहे. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात आम्हाला अधूनमधून मराठी भक्तिगीतांच्या कॅसेटी मिळतात. वेष्टनावर येशूचे चित्र आणि एखाद्या धर्मग्रामाचे नाव असते. साल नसते, ऑर्गन वाजविणाऱ्याचे नाव नसते, कोरसमध्ये कोण होते ते नसते. अशा कॅसेटी वाचकांच्या कपाटांतही असतील. त्या कोणाला देण्यापूर्वी, अथवा त्यांची सीडी करून घेण्यापूर्वी, गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कोण गायले, कोणी वाजविले, कोणत्या वर्षी आणि कोणत्या चर्चमध्ये मुद्रण झाले, एवढे चार ओळींत कागदावर लिहून तो कागद डबीत ठेवावा. आणि मूळ कॅसेट टाकून देऊ नये.