बहुमाध्यम सादरीकरण आणि इतिहासाची साक्ष

प्राथमिक शाळेतील इतिहासाचा पाठ चित्र, ध्वनी व चलच्चित्र यांच्या साहाय्याने शिकवावा, या मताला आज सहसा कोणी विरोध करीत नाही. कोमेनियसने १६५८ साली मुलांसाठी सचित्र पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हापासून हा विचार शिक्षणशास्त्रात रुजत आला आहे. महाराष्ट्रात चौथीच्या मुलांना शिवचरित्र दीर्घकाळ शिकविले जात आले असून आता अनेक वर्गांत ते पडद्यावरही दिसते. साधन वापरावे की नाही, हा वाद त्यामुळे संपल्यासारखाच आहे. ते कोणत्या कसोटीवर पारखावे, हा प्रश्न मात्र आपल्याकडे क्वचितच विचारला जातो.

या साधनांच्या समर्थनार्थ नेहमी एक कोष्टक पुढे केले जाते: वाचलेले दहा टक्के, ऐकलेले वीस टक्के, पाहिलेले तीस टक्के लक्षात राहते, इत्यादी. हे कोष्टक एडगर डेल यांच्या नावावर खपते. वस्तुतः डेल यांनी १९४६ च्या आपल्या ग्रंथात अनुभवांचा जो शंकू मांडला, त्यात टक्केवारी मुळीच नाही. ती मागाहून कोणीतरी चिकटविली. इतिहासाच्या अध्यापनाचे समर्थन ज्याचा कर्ता ठाऊक नाही अशा आकड्यांवर उभे राहावे, ही विसंगती दुर्लक्षिण्याजोगी नाही.

विश्वसनीय संशोधन याहून सावध आहे. शब्द व चित्र यांचा नेमका मेळ घातल्यास आकलन सुधारते. परंतु विषयाशी संबंध नसलेली शोभा आकलनाला मारक ठरते, असे रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून दिसून आले. २००९ साली अँड्र्यू बटलर व त्यांचे सहकारी यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना इतिहासविषयक उतारे वाचावयास दिले आणि त्याच विषयांवरील चित्रपटांतील प्रसंग दाखविले. चित्रपट उताऱ्याशी जुळत असे तेथे स्मरण सुधारले. जेथे तो उताऱ्याच्या विरुद्ध होता, तेथे अनेकांनी चित्रपटातील चूकच वस्तुस्थिती म्हणून सांगितली. ‘चित्रपटात चुका असू शकतात’ ही मोघम सूचना निरुपयोगी ठरली. अमुक तपशील चुकीचा आहे, असे नेमके सांगितले तेव्हाच भ्रम बऱ्याच अंशी टळला. हे निष्कर्ष नऊ-दहा वर्षांच्या मुलांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे उघड आहे. तथापि प्रौढ विद्यार्थ्यांची ही अवस्था, तर बालकांविषयी निश्चिंत राहण्यास काय आधार आहे?

सिंहगडाचा प्रसंग उदाहरणादाखल घेऊ. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांनी हा गड घेतला व त्यात त्यांना वीरमरण आले, याविषयी वाद नाही. पण पडद्यावरील गडावर घोरपड चढते. ही घोरपड तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातील आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या सभासद बखरीत ती नाही. तानाजींच्या मृत्यूनंतर कोंढाण्याला सिंहगड हे नाव मिळाले, असे निवेदक सांगतो. परंतु १६६३ मधील पत्रातही ‘सिंहगड’ हे नाव आढळते. छापील पाठात ‘असे सांगतात’ एवढे दोन शब्द घालून लेखकाला आपली जबाबदारी पाळता येते. चलच्चित्राला ती सोय नाही. कडा, मावळे, घोरपड हे सर्व त्यात एकाच प्रकाशात, एकाच निश्चितीने दिसते. बहुमाध्यम सादरीकरणाचा खरा दोष हा की, त्यात निरनिराळ्या योग्यतेच्या साक्षी एकजीव होऊन जातात.

मात्र यावरील उपाय त्या साधनातच आहे. माध्यमे अनेक आहेत, तर ती अनेक साक्षींसाठी वेगळी राखावीत. कड्याचे छायाचित्र कड्यापुरते असावे. त्यावरून चढण किती अवघड होती हे मुलांनी ठरवावे. बखरीचा उतारा निवेदकाने वाचावा व तो घटनेनंतर किती काळाने लिहिला गेला, हे सांगावे. पोवाडा डफ-तुणतुण्यासह ऐकवावा, परंतु शाहिराची रचना म्हणूनच. चित्रकाराने रंगविलेला प्रसंग असेल तर त्याचे नाव पडद्यावर यावे. मग शिक्षकाने विचारावे: घोरपड कोणी सांगितली? बखरीत कोण चढले?

इतक्या लहान मुलांना साक्षीपुराव्याची चिकित्सा झेपणार नाही, पाठातील रस मात्र नाहीसा होईल, असा आक्षेप येईल. आजीने स्वतः पाहिलेली गोष्ट कोणती व तिच्या आजीकडून ऐकलेली कोणती, हा भेद घरोघरची मुले सहज जाणतात. शास्त्राची परिभाषा त्यांना नको आहे. हाच भेद वर्गात चालू ठेवावयाचा आहे. रसाविषयी म्हणावयाचे तर, पोवाडा पोवाडा म्हणून ऐकल्याने त्याचा जोम उणावत नाही. माणसांनी तो अंधारातला कडा चढला, ही गोष्ट घोरपडीवाचूनही थरारक आहे.

तात्पर्य, प्राथमिक इतिहासाचे सादरीकरण पारखताना मुले किती रमली, एवढेच पाहून भागणार नाही. पाठ संपल्यावर ‘हे तुला कसे कळले?’ या प्रश्नाला मूल ‘पडद्यावर पाहिले’ याहून अधिक काही सांगू शकते की नाही, ही कसोटी असावी. निरनिराळ्या शाळांतील चौथीच्या वर्गांत ही कसोटी लावून पाहणे, हे पदव्युत्तर संशोधनाचे उपयुक्त कार्य ठरेल.