कुकच्या पुस्तकात नसलेली मुसळी

जुलै लागला की सातपुड्यात पांढऱ्या फुलांचे तुरे वर येतात आणि माझ्या फोनवर ज्युनिअर मुलांचे फोटो यायला लागतात. "ताई, ही सफेद मुसळीच ना?" फोटोत गवतासारखी पानं, मधून निघालेला दांडा, सहा पाकळ्यांची पांढरी फुलं. माझा उलट प्रश्न ठरलेला: मुळाचा फोटो आहे का? बहुतेक वेळा नसतो.

या प्रश्नाच्या निमित्ताने आज एका पुस्तकाबद्दल लिहितेय. तुम्ही जळगाव-धुळ्यातून वनस्पतिशास्त्रात पीएचडीला यायचं म्हणत असाल, तर ते तुमच्या हातात पडणारच आहे: थिओडोर कुक यांचा 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे'. हा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाला. कुक मूळचे इंजिनिअर, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य. पुस्तकातही इंजिनिअरचाच हात दिसतो. वर्णन आटोपशीर, मापं नेमकी, फुलाला उगाच 'सुंदर' म्हणणं नाही.

मला त्यातली सर्वात आवडती गोष्ट म्हणजे उद्गारचिन्ह. वनस्पती कुठे आणि कोणी गोळा केली हे सांगताना संग्राहकाच्या नावापुढे ते येतं. अर्थ असा की तो नमुना कुक यांनी स्वतः पाहिलाय. एवढ्याशा खुणेत संशोधनाचा सगळा प्रामाणिकपणा आलाय. ऐकलेलं वेगळं, पाहिलेलं वेगळं.

मग तक्रार काय आहे? तक्रार 'की'बद्दल आहे, म्हणजे ओळख पटवायच्या किल्लीबद्दल. की तुम्हाला दोनातलं एक निवडायला लावते. पानं अशी की तशी, देठ असा की तसा. शेवटी एक नाव हातात येतं. पण "तुमच्या हातातली वनस्पती या पुस्तकात नाहीच" असं की कधी सांगत नाही. ती प्रत्येकाला कुठल्या तरी दारात नेऊन सोडते.

आपल्या मुसळीचं हेच होतं. सफेद मुसळी म्हणून जिची लागवड होते, बाजारात जिला भाव मिळतो, ती क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम. हे नाव बोरिवलीवरून पडलंय आणि ते सांतापाव व फर्नांडिस यांनी १९५० च्या दशकात दिलं. म्हणजे कुक यांचं काम संपल्यानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी. त्यामुळे ही वनस्पती कुकच्या कीमध्ये घातली, की ती कुठल्या तरी दुसऱ्याच क्लोरोफायटमचं नाव घेऊन बाहेर पडणार. वाटेत धोक्याची घंटा वाजत नाही.

एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी नेमकी हीच चूक केली. शिरपूरकडच्या सातपुड्यातून आणलेल्या सगळ्या पांढऱ्या मुसळ्यांना मी क्लोरोफायटम ट्युबरोसम म्हटलं आणि खाली "कुकनुसार" असं ऐटीत लिहिलं. पुढे पीएचडीच्या वेळी भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा महाराष्ट्राच्या एकदल वनस्पतींवरचा १९९६ चा खंड उघडला, तेव्हा शंका आली. दुरुस्त करायला माझ्या हर्बेरियम शीट काढल्या, तर एकाही शीटवर मूळ नव्हतं. फूल, पान, दांडा, सगळं नीट दाबलेलं, आणि निकाल ज्यावर लागायचा तेच जमिनीत राहिलेलं. त्या यादीतली नावं मला आजही ठामपणे ना बदलता येत, ना ठेवता येत.

फरक तसा सोपा आहे. ट्युबरोसमची मुळं आधी तारेसारखी बारीक निघतात आणि कंद त्यांच्या टोकाशी लोंबतो. बोरिव्हिलिएनममध्ये मधली तार नसते, मांसल मुळं थेट बुडाशीच झुपक्याने असतात. ट्युबरोसमचं फूल सहसा मोठं दिसतं, पण नुसत्या आकारावर नाव लावू नका.

इथे खरी अडचण येते. मूळ पाहायचं तर झाड उपटायचं, आणि जंगलातली मुसळी आधीच उपसून उपसून कमी झालीय. म्हणून मी आता एका बाजूची माती बोटाने सारते, मुळाचा बुडखा मोजपट्टीसह टिपते आणि माती परत लोटते. शीटसाठी एखादंच झाड, तेही परवानगी घेऊन आणि आजूबाजूला भरपूर असतील तरच. आणि हो, पावरा किंवा तडवी कुटुंबातलं कोणी सोबत असेल तर आधी त्यांना विचारा. जो माणूस दरवर्षी मुसळी खणतो, त्याने मुळं आपल्यापेक्षा जास्त पाहिलेली असतात.

आता कोणी म्हणेल, जुनी पुस्तकं सोडा, फोनमधलं ॲप आहे ना! ॲपमध्ये तोच दोष आहे, फक्त तो झटपट होतो. तेही जवळचं नाव पुढे करतं आणि मूळ मागत नाही. कुक निदान आपण काय काय तपासलं ते पानावर मांडतात, त्यामुळे त्यांची चूक आपल्याला शोधता तरी येते.

म्हणून कुक फेकू नका. वर्णनासाठी वाचाच. पण नाव ठरवण्याआधी १९९६ चा खंड बघा, डी. ए. पाटील यांचा धुळे-नंदुरबारचा फ्लोरा (२००३) बघा, आणि कुक यांच्यानंतर त्या प्रजातीत कुठल्या जाती नव्याने सांगितल्या गेल्या ते शोधा. कूळसुद्धा बदललेलं असतं. कुककडे क्लोरोफायटम लिलिएसीमध्ये आहे, आज ते अस्पॅरागेसीमध्ये धरतात. जुन्या नोंदीत नुसतं 'खानदेश' दिसलं, तर १९०६ पर्यंत तो अख्खा एकच जिल्हा होता हे लक्षात ठेवा. तेवढ्यावरून 'धुळे' किंवा 'जळगाव' लिहू नका.

मुळाचा पुरावा नसेल तर "क्लोरोफायटम, जात अनिश्चित" असं लिहा. गाइड कदाचित नाक मुरडतील. पण तुमच्या यादीवर विसंबून उद्या कोणी त्या कंदाचं रसायन तपासणार असतं, कोणी औषध म्हणून त्याची पूड करणार असतं. आपण कुक यांच्यासारखं उद्गारचिन्ह टाकू शकतो का, हे प्रत्येक नावापुढे स्वतःला विचारा. माझ्या त्या यादीतल्या मुसळीपुढे मला ते आजही टाकता येत नाही.