मारबत, राक्षस आणि खैरलांजीची भाषा

क्रौर्याचे वर्णन करण्याची वेळ आली की मराठी गद्य बहुधा चार शब्दांकडे वळते : राक्षसी, पाशवी, अमानुष, नराधम. पहिले तीन शब्द कृत्य करणाऱ्याला मनुष्यजातीबाहेर काढतात. चौथा त्याला आत ठेवतो, परंतु सर्वांत खालच्या पायरीवर. ‘अधम’ हे उत्तम-मध्यम-अधम या प्रतवारीतील पद आहे. प्रतवारीतून जन्मलेल्या हिंसेचा निषेधही प्रतवारीच्याच शब्दाने व्हावा, ही बाब समीक्षेने सहज सोडून द्यावी अशी नाही.

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी व दोन मुलगे यांची हत्या झाली. मृतदेह कालव्यात टाकण्यात आले. पती भैयालाल तेवढे वाचले. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. कुटुंब बौद्ध होते, स्वतःची थोडी शेती होती, मुले शिकत होती आणि त्या शेतातून रस्ता काढण्यावरून गावाशी वाद होता. मारेकरी परके नव्हते. ज्यांच्या बांधाला बांध लागून होता, ते हे लोक. आरंभीचे काही आठवडे या घटनेची फारशी दखल घेतली गेली नाही. नोव्हेंबरमध्ये विदर्भात निदर्शने उसळली आणि मग राक्षस व नराधम यांच्या शब्दावलीला ऊत आला. आधीचे मौन आणि नंतरचा आक्रोश परस्परविरोधी वाटतात खरे, पण ‘हे आपल्यातले नव्हे’ हा भाव दोहोंच्या मुळाशी आहे.

हा भाव नीट उलगडायचा तर पूर्व विदर्भातल्याच एका विधीकडे पाहावे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत गावाच्या शिवेबाहेर नेली जाते. रोगराई, इडापिडा घेऊन जा, अशी तिला आरोळी दिली जाते. नागपुरात काळ्या व पिवळ्या मारबतीच्या मिरवणुका एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून निघत आल्या आहेत. या विधीला केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे हा वाचनाचा आळस होय. मारबत गावच घडवते, आपल्या हातांनी. इडापिडा आपल्या घरांत वर्षभर नांदत होती, ही कबुली तिला बाहेर घालवण्याच्या कृतीत अंतर्भूतच असते. वृत्तपत्री ‘राक्षसा’त ती कबुली नाही. तो मुळातच बाहेरून आलेला असतो. त्या अर्थाने लोकविधी शिष्ट गद्याहून अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल. मात्र त्यालाही मर्यादा आहे. गावाचे ‘बाहेर’ हे कधीच रिकामे नव्हते. गावकुसाबाहेर माणसे वसवण्याची परंपराही याच गावांची.

न्यायालयीन संहितेतही हीच रचना दिसते. २००८ च्या सप्टेंबरमध्ये भंडारा येथील सत्र न्यायालयाने सहा जणांना मृत्युदंड व दोघांना जन्मठेप सुनावली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मृत्युदंड रद्द करून पंचवीस वर्षांचा कारावास दिला. जातीय अत्याचाराचे कलम दोन्हीकडे टिकले नाही. उच्च न्यायालयाने घटनेमागे सूडाची प्रेरणा पाहिली. ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ ही निकषवाचक पदावली कायद्याच्या दृष्टीने आवश्यक असेल, परंतु वाङ्मयीन दृष्टीने पाहता ती राक्षसाचीच सभ्य व्याख्या आहे : असाधारण, अपवादात्मक. सूड म्हटला की घटना पुन्हा साधारण होते, दोन घरांच्या भांडणाइतकी. अपवाद आणि भांडण या दोन टोकांच्या मध्ये जे नित्याचे आहे, रोजच्या व्यवहारात मुरलेले आहे, त्या जातीला या व्याकरणात शब्दच उरत नाही.

राक्षस हे नाव कोण देतो, हा प्रश्न मराठीत प्रखरपणे विचारला तो जोतीराव फुले यांनी. ‘गुलामगिरी’त (१८७३) त्यांनी राक्षसाचा संबंध ‘रक्षक’ शब्दाशी जोडला आणि बळीला शेतकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून उभे केले. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राला मान्य होणार नाही. तिचे मोल व्युत्पत्तीत नाहीच. जेत्याने पराभूताला दिलेले नाव परत फिरवण्यात आहे. पण खैरलांजीसमोर या उलथापालथीचीही कठोर परीक्षा होते. आरोपी प्रामुख्याने शेतकरी बहुजन जातींतले होते. फुले ज्यांना बळीचे वारस मानत, त्यांच्यातले. रक्षकाच्या वंशजाने कुऱ्हाड उचलली की केवळ भूमिकांची अदलाबदल अपुरी पडते. ‘गुलामगिरी’त राक्षसाच्या जागी बसणारे बदलतात, जागा मात्र शिल्लक राहते. फुल्यांना १८७३ मध्ये ती लागतच होती. आजच्या लेखकाने ती विनातक्रार वापरावी, असा त्याचा अर्थ होत नाही.

हॅना आरेंट यांनी आइखमन खटल्याच्या निमित्ताने दुष्टतेच्या सामान्यपणाची मांडणी केली ते पुस्तक १९६३ चे. मराठी समीक्षेत अशा प्रसंगी त्याचा दाखला देण्याची सवय आहे. दाखला अस्थानी नाही, पण तोकडा आहे : आइखमन टेबलामागून वाहतुकीची आखणी करत होता, बळींना चेहऱ्याने ओळखत नव्हता. खैरलांजीत सगळे एकमेकांना नावाने ओळखत होते. या दृष्टीने त्याच १९६३ साली आलेला बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ हा कथासंग्रह अधिक जवळचा. त्याच्या शीर्षककथेत निवेदकाला कवी म्हणून डोक्यावर घेणारे सहकारीच जात कळताच त्याच्यावर तुटून पडतात. बागूल त्यांच्यासाठी वेगळे, भीषण व्यक्तिमत्त्व रचत नाहीत. आधीचा स्नेह खोटा होता, असेही सुचवत नाहीत. स्नेह खरा होता आणि मारहाणही खरी आहे. मधे बदलले ते एवढेच, की एक माहिती कळली. कथेची चर्चा आजवर बव्हंशी निवेदकाच्या वेदनेभोवती फिरत राहिली. त्या सहकाऱ्यांच्या बाजूने ती वाचण्याचे काम तुलनेने कमी झाले आहे, आणि ते वाचन सुखाचे नाही. तेथे वाचकाला नराधम सापडत नाही. सापडतात ते आदल्या दिवशी त्याच निवेदकाची कविता मन लावून ऐकणारे श्रोते.