वेंटवर्थच्या पत्रातली क्रियापदं

दहावीच्या इंग्रजीत ‘मोडल ऑक्झिलरी’चा तक्ता पाठ करावा लागतो. कॅन म्हणजे क्षमता, मे म्हणजे परवानगी, मस्ट म्हणजे सक्ती, शुड म्हणजे कर्तव्य. तक्ता बरोबरच आहे, पण तो जिथे थांबतो तिथून पुढे या क्रियापदांचं खरं काम सुरू होतं. त्यांच्यामागे ‘हॅव’ आणि मुख्य क्रियापदाचं तिसरं रूप जोडलं की ती मागे वळून पाहू लागतात. ‘शुड हॅव’ म्हणजे करायला हवं होतं, केलं नाही. ‘मस्ट हॅव’मधली सक्ती गळून पडते आणि उरतं ते निव्वळ अनुमान: नक्कीच झालं असणार. ‘माइट हॅव’ दोन्हीकडे झुकतं. झालंही असेल, किंवा होऊ शकलं असतं पण झालं नाही. यातलं कोणतं ते संदर्भच सांगतो. माणसाच्या पश्चात्तापाचा, संशयाचा, आशेचा कारभार या जोडरूपांतून चालतो. जेन ऑस्टिनच्या ‘पर्स्वेजन’मध्ये तो जितक्या बारकाईने चालतो तितका मी दुसऱ्या कुठल्याही कादंबरीत पाहिलेला नाही.

ही तिची शेवटची पूर्ण कादंबरी. 1816च्या ऑगस्टमध्ये तिने ती हातावेगळी केली. 1817च्या जुलैत, वयाच्या 41व्या वर्षी ती वारली आणि त्या डिसेंबरात पुस्तक बाहेर आलं. कथा थोडक्यात अशी. सॉमरसेटमधल्या केलिंच हॉलच्या सर वॉल्टर एलियटची मधली मुलगी अ‍ॅन. 1806च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक वेंटवर्थ या तरुण नौदल अधिकाऱ्याशी ती लग्न ठरवते. त्याच्याजवळ पैसा नाही, मोठं घराणं नाही. सॅन डोमिंगोच्या लढाईनंतर मिळालेली बढती, एवढीच काय ती कमाई. (त्या लढाईत ऑस्टिनचा भाऊ फ्रान्सिसही एका जहाजाचा कप्तान होता, नौदल तिला घरातून ठाऊक होतं.) अ‍ॅनची आई केव्हाच गेलेली. आईच्या जागी असलेल्या लेडी रसेल समजूत घालतात आणि एकोणीस वर्षांची अ‍ॅन ठरलेलं लग्न मोडते. 1814मध्ये नेपोलियनशी चाललेलं युद्ध थांबतं तेव्हा वेंटवर्थ पंचवीस हजार पौंड गाठीला बांधून परततो, आणि अ‍ॅनच्या समोर येऊन उभा राहतो. म्हणजे कादंबरी सुरू होण्याआधीच कादंबरीतली मुख्य घटना घडून गेलेली आहे. आता उरलंय ते फक्त तिचा अर्थ लावणं. अशा गोष्टीला ही जोडरूपं लागणारच.

पहिला घाव धाकट्या बहिणीच्या तोंडून बसतो. मेरी अगदी सहज अ‍ॅनला सांगते की तू इतकी बदलली आहेस, तुला ओळखलंच नसतं असं कॅप्टन वेंटवर्थ म्हणत होते. मूळ इंग्रजीत इथे ‘शुड’ आहे, आणि तक्ता पाठ केलेला आपला विद्यार्थी इथे हमखास अडखळतो. ‘त्याने तिला ओळखायला नको होतं’ असा कर्तव्याचा अर्थ लावला तर वाक्य विचित्रच होतं. त्या काळच्या रीतसर इंग्रजीत ‘मी’बरोबर ‘वुड’च्या जागी ‘शुड’ येई. वेंटवर्थ स्वतःबद्दल जे बोलला ते मेरीने सांगताना सर्वनाम बदललं, क्रियापद तसंच ठेवलं. म्हणून त्या ‘शुड’मध्ये अजून त्याचा आवाज आहे. कर्तव्याचा लवलेश नाही, फक्त संकेतार्थ: ओळखलं नसतं. अ‍ॅनला ते वाक्य ऐकीव म्हणून पोचत नाही, थेट त्याच्या तोंडचं म्हणून पोचतं, आणि त्यात या एका ‘शुड’चा मोठा वाटा आहे असं मला वाटतं.

पुढे बाथच्या संगीतसभेचा प्रसंग येतो. वेंटवर्थचा मित्र कॅप्टन बेनविक याची वाग्दत्त वधू फॅनी वारली आणि वर्षभराच्या आतच त्याने दुसरीकडे लग्न ठरवलं, याचं वेंटवर्थला नवल वाटतंय. अशा स्त्रीवर जीव जडवलेल्या माणसाने त्यातून बाहेर पडता कामा नये, असं तो ‘ऑट’ वापरून म्हणतो. मग श्वासभरात ते ‘ऑट’च टाकून देतो आणि साध्या वर्तमानकाळात सांगतो की माणूस बाहेर पडतच नाही. नीतीचा नियम सांगता सांगता तो स्वतःची साक्ष देऊन बसतो. अ‍ॅनला ते कळतं. तिच्या मनातला सगळा पुरावा गोळा होतो आणि लेखिका एक छोटं वाक्य लिहिते, त्याचं आपल्यावर प्रेम असलंच पाहिजे अशा अर्थाचं, ‘मस्ट’ घातलेलं. इथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. ‘मस्ट’ जोरकस वाटतं खरं, पण नुसत्या ‘प्रेम आहे’पेक्षा ते एक पायरी खालीच असतं, डोळ्यांसमोर दिसणाऱ्या गोष्टीला कोणी ‘असलीच पाहिजे’ म्हणत नाही. अ‍ॅनच्या आनंदाखाली ही फट राहते. शिवाय ‘मस्ट’ला स्वतःचं भूतकाळी रूप नाही. भूतकाळात चाललेल्या निवेदनातही ते जसंच्या तसं राहतं, त्यामुळे हा विचार लेखिकेचा की अ‍ॅनचा, हे व्याकरणाने सांगता येत नाही आणि वाचक नकळत अ‍ॅनच्या मनात उभा असतो. ‘एमा’ या आधीच्या कादंबरीत नायिका अशीच अनुमानं बांधत जाते आणि बहुतेक चुकतात. अ‍ॅनचं अनुमान खरं ठरतं, कारण आठ वर्षं तिने पाहण्याशिवाय दुसरं फारसं काही केलेलं नाही.

आता ते पत्र. बाथमधल्या व्हाइट हार्ट या खाणावळीची खोली. खिडकीपाशी अ‍ॅन आणि वेंटवर्थचा मित्र कॅप्टन हार्विल बोलत उभे आहेत: पुरुष लवकर विसरतात की स्त्रिया? जवळच मेजावर वेंटवर्थ काही लिहितो आहे, हार्विलच्याच कामाचं. बोलणं कानावर पडत असताना त्याच्या हातून अ‍ॅनसाठी दुसरं पत्र लिहून होतं. आरंभीच क्षमतेचा नकार येतो: आता गप्प राहून ऐकणं मला जमत नाही. त्याला लागूनच ‘मस्ट’: बोललंच पाहिजे, हाताशी आहे त्या साधनाने. ही सक्ती त्याच्यावर कोणी लादलेली नाही, ती मागच्या ‘जमत नाही’मधूनच निघाली आहे. पुरुष लवकर विसरतो असं म्हणायला धजू नकोस, असं बजावताना तो ‘डेअर’ला नुसतं ‘नॉट’ लावतो, ‘डू’चा आधार घेत नाही, त्या तुटक रूपात त्याचा जीव वरखाली होतोय.

मग पत्रातलं सर्वांत मोलाचं वाक्य येतं. त्यात तो आपले तीन दोष तपासतो. अन्याय, दुबळेपणा, मनात धरून ठेवलेला राग. अन्यायाला तो ‘मे हॅव’ लावतो: माझ्या हातून झालाही असेल. दुबळेपणा आणि राग यांना मात्र ‘मे’चा आडोसा देत नाही, तसा मी होतो म्हणून सरळ कबूल करतो. आणि शेवटी, चंचल कधीच नव्हतो. एकाच वाक्यात ‘असेन’ आणि ‘होतो’ शेजारीशेजारी आहेत, आणि फरक एका क्रियापदाचा आहे. दुबळेपणा त्याला आतून माहीत आहे. अन्याय झाला की नाही, हे ज्याच्यावर झाला त्यानेच सांगायचं असतं, म्हणून तिथे तो अ‍ॅनसाठी जागा ठेवतो, असा माझा अर्थ. काही पानांनंतर, दोघं रस्त्याने बोलत चालले असताना निवेदिका त्याची कबुली मांडते. आपण तिच्याबाबत बेफिकीर आहोत असं त्याला वाटत होतं, प्रत्यक्षात तो फक्त चिडलेला होता, आणि तिच्या गुणांवर त्याने अन्याय केला होता. इथे ‘मे’ नाहीसं झालं आहे. पत्र आणि या कबुलीमध्ये बाहेरून पाहता फारसं काही घडलेलं नसतं. घडतं ते एवढंच की अ‍ॅनने हो म्हटलेलं असतं.

पत्रात आणखी एक वाक्य आहे, व्याकरणाच्या अंगाने सर्वांत गुंतागुंतीचं. तुझं मन मला वाचता आलं असतं तर मी हे दहा दिवसही थांबलो नसतो, माझं मन तू ओळखलं असणारच, अशा आशयाचं. ‘इफ’ कुठेच नाही. ‘कुड’ कर्त्याच्या आधी आणून अट बसवली आहे. तिच्या मनाला ‘कुड हॅव’, स्वतःच्या मनाला ‘मस्ट हॅव’. मला वाचता आलं नाही, तुला नक्कीच आलं असेल. आठ वर्षं अभिमानाने ताठ राहिलेला हा माणूस इथे दोघांच्या नजरेची तुलना करतो आणि अ‍ॅनची नजर तेज मानतो. शिवाय तिच्याबद्दलच्या खात्रीलाही तो ‘मला वाटतं’ जोडून देतो, कारण तिच्याविषयी ठाम बोलण्याचा हक्क आपण गमावला आहे याची त्याला जाणीव आहे. इतकी नम्रता विशेषणांनी साधली असती तर ती खोटी वाटली असती.

त्याच संध्याकाळी, घरच्या मेळाव्यात अ‍ॅन त्याला आपला निवाडा सांगते. तटस्थपणे विचार करता लेडी रसेलचं ऐकण्यात मी बरोबरच होते, असं मला मानावंच लागतं. पण तशा परिस्थितीत मी स्वतः कुणाला तसा सल्ला कधीच देणार नाही. पहिल्या भागात ‘मस्ट’ आहे, दुसऱ्यात मेरीच्या तोंडी आलं होतं तेच जुनं, ‘मी’बरोबरचं ‘शुड’. आज्ञा पाळणं योग्य आणि सल्ला अयोग्य, ही दोन मतं एकाच वेळी धरून ठेवण्याइतकी ती मोठी झाली आहे, आणि त्यासाठी पश्चात्तापाचं ‘शुड हॅव’ ती एकदाही वापरत नाही.

वेंटवर्थला मात्र ते वापरल्यासारखंच बोलावं लागतं. लेडी रसेलपेक्षाही मोठा शत्रू कुणी असू शकेल का, असं त्याला आता वाटू लागलंय, आणि तो शत्रू तो स्वतः. 1808मध्ये काही हजार पौंड घेऊन मी मायदेशी आलो आणि ‘लाकोनिया’ जहाजावर माझी नेमणूक झाली, तेव्हा तुला पत्र टाकलं असतं तर तू उत्तर दिलं असतंस? पुन्हा लग्न ठरवलं असतंस? अ‍ॅनच्या उत्तरात मुख्य क्रियापदच नाही. एक ‘वुड’, एक सर्वनाम आणि पुढे उद्गारचिन्ह, बस्स. आठ वर्षांची वाट पाहणं त्या ‘वुड’मध्ये मावतं, कारण बाकीचं वाक्य त्यानेच नुकतं उच्चारलेलं आहे, ती फक्त त्यातला संकेत उचलते आणि होकार करून परत देते. त्याला ते ताबडतोब कळतं. वियोगाची आणि यातनेची सहा वर्षं टळू शकली असती, असं तो ‘माइट हॅव’ वापरून म्हणतो, आणि इथे त्या रूपाच्या दोन अर्थांपैकी एकच उरतो. टळली नाहीत.

मग तो म्हणतो की जे मिळालं ते आपण कष्टाने आणि हक्काने कमावलं, असं समजायची मला सवय आहे. आता आपल्या लायकीपेक्षा जास्त सुखी असणं सोसायला शिकलं पाहिजे. या ‘मस्ट’मध्ये अनुमान नाही, सक्तीच आहे, आणि ती सुखाची आहे.