एका तिकिटात दोन सिनेमे

१६ एप्रिल १९८८ रोजी जपानमधल्या चित्रपटगृहांत एकाच तिकिटात दोन सिनेमे लागले. दोन्ही स्टुडिओ जिब्लीचे. एक हायाओ मियाझाकींचा ‘माय नेबर तोतोरो’: दोन बहिणी, खेड्यातलं जुनं घर आणि कापराच्या झाडाच्या पोटात घोरत पडलेलं केसाळ धूड. दुसरा इसाओ ताकाहातांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’: बॉम्बहल्ल्यात आई गमावलेला मुलगा, त्याची चार वर्षांची बहीण आणि दोघांची उपासमार. मुलगा मरणार हे तो सिनेमा सुरुवातीलाच सांगून टाकतो. पोरांना घेऊन गंमत बघायला आलेल्या आईबापांची त्या दिवशी काय अवस्था झाली असेल, असा विचार मनात येतो.

“अ‍ॅनिमे बघायचंय, एखादं सुचव,” असं कुणी म्हणालं की मला ते तिकीट आठवतं. या एका शब्दात तोतोरो आणि ती उपाशी पोर दोघंही बसतात. त्यात खुनाच्या गोष्टी आहेत, स्वयंपाकाच्या आहेत, बुद्धिबळासारख्या शोगी या खेळाच्या आहेत आणि गेइशांच्या घरात वाढलेल्या कथाकाराचीही आहे. पण सुचवणारा माणूस यातलं काही विचारात घेत नाही. तो ठरलेली यादी काढतो: ‘डेथ नोट’, ‘फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड’, ‘अटॅक ऑन टायटन’, ‘डीमन स्लेयर’ आणि अंगात रग असेल तर ‘वन पीस’.

यादी वाईट नाही, पण ती सगळी एकाच गल्लीतली आहे. जपानमध्ये मांगा, म्हणजे चित्रकथा, आधी नियतकालिकात छापून येते आणि ते नियतकालिक कुणासाठी हे ठरलेलं असतं. शोनेन म्हणजे मुलग्यांसाठी, शोजो मुलींसाठी, सेइनेन मोठ्या पुरुषांसाठी, जोसेई बायकांसाठी. वरची पाचही नावं शोनेन नियतकालिकांतली. त्यातली तीन तर ‘शोनेन जंप’ या एकाच साप्ताहिकातली. मराठी साहित्य वाचायचंय म्हणणाऱ्या चाळिशीतल्या माणसाच्या हाती फास्टर फेणेचे पाच भाग ठेवण्यासारखं आहे हे. फास्टर फेणे माझा जीव की प्राण. पण तेवढंच वाचून कुणी मराठी साहित्याबद्दल मत बनवलं तर मी भांडेन.

‘जंप’मध्ये वाचकांच्या मतांवर मालिकेचं नशीब ठरतं. मतं घसरली की कथा गुंडाळली जाते. त्यामुळे दर आठवड्याला शेवटच्या पानावर काहीतरी टांगून ठेवावं लागतं, आणि एक शत्रू पडला की त्याहून मोठा उभा करावा लागतो. या घाईतून विलक्षण गोष्टी निघाल्या आहेत. ‘डेथ नोट’चे पहिले पंचवीस भाग म्हणजे दोन हुशार माणसांनी एकमेकांभोवती विणलेलं जाळं आहे, त्यानंतरचे बारा म्हणजे ते जाळं कुठे बांधावं हे न सुचलेल्याची धावपळ. ‘ब्रदरहूड’ची बांधणी भक्कम, चौसष्ट भागांत एक धागा सुटत नाही. मात्र सुरुवातीचे भाग ती धापा टाकत उरकते, कारण तोच मजकूर २००३च्या मालिकेत निवांत येऊन गेला होता आणि जपानी प्रेक्षकाला तो पाठ होता. नवख्याला तो पाठ नसतो, हे सुचवणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. ‘वन पीस’ १९९९पासून चालू आहे आणि अकराशेहून अधिक भाग झाले आहेत. “शंभर भाग काढ, मग मजा येते,” असं त्याचे चाहते निरागसपणे सांगतात. शंभर भाग म्हणजे जवळजवळ चाळीस तास. एवढ्या वेळात माणूस पोहायला शिकतो.

नवख्याची पहिली तक्रार मात्र कथेबद्दल नसते. तो म्हणतो, “यात नुसतं तोंड हलतं, बाकी सगळं गोठलेलं.” ही तक्रार खरी आहे आणि तिला इतिहास आहे. १ जानेवारी १९६३ला ओसामू तेझुकांची ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही मालिका टीव्हीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग आणि हाती पैसा तुटपुंजा. डिस्नेच्या सिनेमात एका सेकंदाला चोवीसपर्यंत चित्रं लागत. तेझुकांनी एकेक चित्र तीन-तीन फ्रेम धरून ठेवलं, म्हणजे सेकंदाला आठ. चेहरा तोच ठेवून ओठ बदलले. उडणाऱ्या नायकाची, अ‍ॅटमची, चित्रं जपून ठेवून पुढच्या भागांत पुन्हा वापरली. स्थिर चित्रावरून कॅमेरा सरकवला. काटकसरीचा संसारच तो. पण त्या काटकसरीचं पुढच्या पिढ्यांनी व्याकरण केलं. हलवणं परवडत नाही, तर थांबण्यालाच अर्थ द्यायचा. विजेचे खांब, रिकामा जिना, मागे सिकाडा किड्यांची किर्रर्र: जपानी उन्हाळा एका चित्रात उभा राहतो. हिदेआकी आन्नोंच्या ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’मध्ये (१९९५) शेवटाकडे एक चित्र जवळजवळ एक मिनिट हलत नाही. मागे बेथोव्हेनची नववी सिंफनी चालू असते आणि बघणाऱ्याचा श्वास अडकतो. पैसे संपले होते की हिंमत होती, यावर चाहते आजही वाद घालतात. माझ्या मते दोन्ही.

‘इव्हँजेलियन’ महान आहे, तरी पहिल्यांदा बघणाऱ्याला ती देऊ नये. ती आधीच्या वीस वर्षांच्या यंत्रमानवी मालिकांशी भांडत असते, आणि ज्याला भांडणाचं मूळ ठाऊक नाही त्याला फक्त आरडाओरडा ऐकू येतो. शेवटचे दोन भाग तर नायकाच्या डोक्यातच घडतात. असा चिरेबंदी वाडा दाखवायचा तर माणूस आधी गावात थोडा फिरलेला हवा.

मग सुरुवात कुठून? मियाझाकी, असं सगळे म्हणतात, आणि तिथे माझी तक्रार नाही. ‘स्पिरिटेड अवे’ला (२००१) बर्लिनचं सुवर्ण अस्वल मिळालं, ऑस्कर मिळालं, आणि ते उगाच नव्हे. पण लोक त्यातल्या भुताखेतांच्या स्नानगृहाबद्दल बोलतात आणि आगगाडीबद्दल बोलत नाहीत. पाण्याखाली गेलेल्या रुळांवरून गाडी जाते, नायिका चिहिरो खिडकीशी बसलेली असते, सावल्यांसारखे प्रवासी चढतात, उतरतात. काही घडत नाही. मियाझाकींनी समीक्षक रॉजर ईबर्ट यांना हे टाळ्या वाजवून समजावलं होतं: दोन टाळ्यांच्या मधे जे असतं ते ‘मा’. विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. तो या प्रांतात नवखा नाहीच. त्याला फक्त कुणी दार दाखवलेलं नाही.

अशांसाठी ‘मुशिशी’ आहे. गिन्को नावाचा एक भटका वैद्य गावोगाव फिरतो आणि धड किडे नाहीत, धड भुतं नाहीत अशा जिवांनी पछाडलेल्या माणसांना भेटतो. सव्वीस भाग, प्रत्येक स्वतंत्र, कुठूनही उचला. शत्रू नाही, विजय नाही, कित्येकदा उपायही नाही. ज्यांना जी. ए. कुलकर्णी आवडतात त्यांना मी आधी हीच सांगतो.

नाटकवाल्यांसाठी माझ्याकडे एक हुकमी पान आहे: ‘शोवा गेनरोकू राकुगो शिंजू’. राकुगो म्हणजे गुडघे मोडून उशीवर बसलेला एकटा कथाकार. हातात पंखा आणि पंचा, बस. पंखाच कधी चॉपस्टिक, कधी चिलीम. मान डावीकडे वळली की घरमालक, उजवीकडे वळली की भाडेकरू. एकट्याने ‘बटाट्याची चाळ’ उभी करणारे पु. ल. ज्यांनी पाहिले किंवा ऐकले, त्यांना हा खेळ ओळखीचा वाटेल. तुरुंगातून सुटलेला एक तरुण याकुमो या बुजुर्ग कलावंताच्या पायाशी येऊन पडतो आणि शिष्य करा म्हणतो. तिथून कथा मागे जाते, युद्धाआधीच्या तोक्योत, दोन गुरुबंधूंच्या प्रेमात आणि मत्सरात. मालिका अख्खी राकुगो कथा न कापता सादर करते, आणि आवाजाचे कलावंत पात्राचा आवाज लावून वर त्या पात्राच्या तोंडून आणखी चार पात्रं करतात. ही मूळ जपानीतच ऐकावी. एरवी मी डबिंगच्या विरोधात नाही. “सबटायटल नाही तर काहीच नाही” म्हणणारे विसरतात की आपल्यातल्या कित्येकांनी पहिलं अ‍ॅनिमे हिंदीतच पाहिलं. दूरदर्शनवर रविवारी लागणारा ‘जंगल बुक’ हा निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८९मध्ये केलेला. शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. त्या वाघाला दुसरा आवाज मी आजही देऊ शकत नाही.

तेव्हा आपण त्याला कार्टून म्हणायचो, आणि तो शब्द अजून घोटाळे करतो. कार्टून म्हणजे पोरांचं, ही समजूत इतकी पक्की की ‘शिन-चॅन’ आपल्याकडे मुलांच्या वाहिनीवर आला आणि घराघरांत आयांनी कपाळावर हात मारला. त्याची मूळ मांगा १९९०मध्ये सुरू झाली ती मोठ्यांच्या साप्ताहिकात! पाच वर्षांच्या वाह्यात पोराकडे बघून दमलेल्या आईबापांनी हसावं, असा तो मामला. पोरांनी त्याचं अनुकरण करावं हे कुणाच्या मनात नव्हतं.

युद्धाच्या सिनेमांत ‘फायरफ्लाइज’ पहिला दाखवू नये असं मला ठामपणे वाटतं. तो बघून माणूस हादरतो आणि पुढचं काही बघायचंच थांबतो. त्याऐवजी सुनाओ काताबुचींचा ‘इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’ (२०१६). सुझू ही चित्रं काढणारी, जरा वेंधळी मुलगी हिरोशिमाहून कुरे या नौदलाच्या बंदरी लग्न होऊन येते. रेशनवर तांदूळ कमी, म्हणून ती रानातला पाला खुडून आणते आणि जुन्या युक्तीने भात फुगवते. फुगतो, चव मात्र जाते. नणंदेचे टोमणे, अंगणातली लढाऊ जहाजांची गणती, सायरन. घरातल्या कामांमधून युद्ध असं हळूहळू आत शिरतं की कॅलेंडरवर ऑगस्ट १९४५ जवळ आल्यावर बघणाऱ्याचे हात गार पडतात. या सिनेमासाठी सुरुवातीचा पैसा लोकवर्गणीतून आला. मोठे निर्माते अशा गोष्टीला सहसा हात लावत नाहीत.

सध्याच्या अ‍ॅनिमेची तब्येत मला त्यातच दिसते. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर: वर्षातून चारदा नव्या मालिकांचा लोंढा येतो, प्रत्येकी बारा-तेरा भागांचा. त्यात दुसऱ्या जगात जन्म घेणाऱ्या कंटाळलेल्या तरुणांच्या कथा इतक्या, की त्यांच्या लांबलचक नावांतच गोष्ट संपते. प्रकाशक, वाहिनी, खेळणीवाले, संगीत कंपनी मिळून समिती करतात, नफा वाटून घेतात; चित्रं काढणाऱ्या स्टुडिओच्या वाट्याला बहुतेकदा ठरलेली रक्कम येते आणि पोरं रात्र रात्र जागून रेषा ओढतात. हे बघायचं असेल तर ‘शिरोबाको’ आहे: अ‍ॅनिमे बनवणाऱ्यांवरचंच अ‍ॅनिमे, थोडं गोड केलेलं. एवढ्या गर्दीतून २०२३मध्ये ‘फ्रीरेन’ आली. राक्षसराजाला मारून झालंय, मिरवणूक संपलीय, आणि तिथे गोष्ट सुरू होते. हजारो वर्षं जगणारी फ्रीरेन, तिच्यासोबतचा वीर म्हातारा होऊन मरतो, आणि दहा वर्षांच्या प्रवासात आपण या माणसाला ओळखलंच नाही हे तिला त्याच्या अंत्ययात्रेत कळतं. हीसुद्धा शोनेन साप्ताहिकातलीच. म्हणजे मघाची माझी गल्लीची तक्रार तितकी पक्की नाही, चालेल.

सिनेमावेड्यांना मी सातोशी कोन सांगतो. ‘तोक्यो गॉडफादर्स’पासून सुरुवात करावी: नाताळच्या रात्री तीन बेघर माणसांना कचऱ्यात तान्हं मूल सापडतं. मग ‘मिलेनियम अ‍ॅक्ट्रेस’, त्यात एका नटीचं आयुष्य आणि तिचे सिनेमे एकमेकांत असे मिसळतात की मुलाखत घ्यायला आलेला माणूसही पडद्याच्या आत जाऊन पळू लागतो. ‘पॅप्रिका’ त्यानंतर, आणि ‘परफेक्ट ब्लू’ सगळ्यात शेवटी, एकट्याने बघू नये. कोन २०१०मध्ये गेले, वयाच्या ४६व्या वर्षी, पाचवा सिनेमा अर्धवट टाकून. उरलेले चार मिळून सहा तासही भरत नाहीत. म्हणून मी कुणाला चारही नावं एकदम देत नाही. एक सांगतो, आणि फोन यायची वाट बघतो.