लिंबूटिंबूचा डाव

माझ्या बहिणीची दोन्ही मुलं मे महिन्यात पनवेलला आली की आमची गच्ची दिवसभर नांदती असते. थोरला अकरा वर्षांचा, धाकटा सहाचा. एका संध्याकाळी कॅरम मांडला होता आणि भांडण ठरल्यासारखं सुरू झालं होतं. धाकट्याचा स्ट्रायकर रेघेवरून घसरायचा, सोंगटीला न लागताच पॉकेटात जायचा, आणि थोरला दर वेळी म्हणायचा, “तू लिंबूटिंबू आहेस, तुझा डाव धरायचा नाही.” डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्या बाजूच्या आकाशात विमानांची ये-जा वाढली आहे. एक विमान दिवे मिचकावत प्रबळगडाच्या दिशेनं गेलं. धाकटा डाव सोडून बघत राहिला आणि म्हणाला, “मावशी, विमानात लिंबूटिंबूला धरतात का?”

त्या रात्री मी दोघांना ‘झथुरा’ दाखवला.

‘झथुरा’ हा जॉन फॅवरो यांचा २००५ सालचा इंग्रजी चित्रपट. ख्रिस व्हॅन ऑल्सबर्ग यांच्या २००२ च्या चित्रमय पुस्तकावर तो बेतलेला आहे. याच लेखकाच्या ‘जुमानजी’वरचा चित्रपट १९९५ साली येऊन गेला होता आणि तो आपल्याकडेही पोरांनी उचलून धरला होता. ‘झथुरा’च्या वाट्याला तेवढं कौतुक आलं नाही, तिकीटबारीवरही तो फारसा चालला नाही. त्याच्याकडे कुणी वळलंच तर मुलांना अंतराळात नेणारी करमणूक म्हणून वळतं. अंतराळ त्यात आहेच, पण माझ्या लेखी हा लिंबूटिंबू ठरवलेल्या पोराचा चित्रपट आहे. त्याचा डाव धरला नाही तर घर पृथ्वीवर परत येत नाही, एवढीच त्याची गोष्ट.

वॉल्टर दहा वर्षांचा, डॅनी सहाचा. आईवडील वेगळे झालेले, त्यामुळे मुलं वाटून घेतलेल्या दिवसांप्रमाणे कधी आईकडे, कधी बाबांकडे. बाबांचं घर जुनं आणि लाकडी. मोठी बहीण लिसा वरच्या खोलीत दुपारपर्यंत झोपलेली. सुरुवातीच्या प्रसंगांतच दिग्दर्शक सगळी मांडणी करून ठेवतो. बाबा अंगणात मुलांशी बॉल खेळतात आणि दोघांना सारखा वेळ देताना त्यांची तारांबळ उडते. थोरल्याचा हात बसलेला, धाकट्याला धड झेलता येत नाही. बाबांचं प्रेम सारखंच आहे, पण खेळ थोरल्याबरोबरच रंगतो आणि हे धाकट्याला कळतं. पुढे घरात दोघांची जुंपते, फेकलेला बॉल भलतीकडे जातो आणि बाबांनी कामासाठी केलेल्या चित्राची नासाडी होते. नवी प्रत आणायला बाबा ऑफिसला निघतात. घरात उरतात दोन भाऊ आणि एक झोपलेली ताई. कुठल्याही पनवेलकर घरातली रविवारची दुपार अशीच असते, फक्त आपल्याकडे शेजारच्या काकू डोकावून जातात.

या घरात एक वस्तू आहे. भिंतीतल्या पोकळीतून दोरावर वरखाली होणारा, जेवणाची ताटं ने-आण करायचा लाकडी खोका. वॉल्टर चिडून डॅनीला त्यात कोंबतो आणि तळघरात सोडून देतो. तळघर अंधारं, डॅनी घाबरलेला. तिथेच जिन्याखाली त्याला ‘झथुरा’ नावाचा पत्र्याचा खेळ सापडतो. या खोक्यावर नजर ठेवायला मी मुलांना सांगितलं होतं. चित्रपटाची खरी किल्ली त्यात आहे.

तसा हाताशी असलेल्या खेळालाही किल्ली आहेच. पत्र्याच्या पटावर रंगवलेले ग्रह, खाचेतून सरकणारी दोन छोटी यानं, बाजूला चावी. चावी फिरवायची, बटण दाबायचं. आकडा पडतो, यान आपोआप तेवढी घरं सरकतं आणि फटीतून एक चिठ्ठी बाहेर येते. पहिलीच चिठ्ठी उल्कावर्षावाची निघते आणि दिवाणखान्याचं छप्पर फोडून लालभडक दगड कोसळू लागतात. ते थांबल्यावर वॉल्टर दार उघडतो तर बाहेर अंगण नाही, रस्ता नाही. घर तळघरासकट अंतराळात तरंगतं आहे आणि समोर एका प्रचंड ग्रहाची कडी पसरली आहेत. इथे दिग्दर्शकानं मुलांना यानात बसवलेलं नाही, घरालाच यान केलं आहे. सोफा, पायपुसणं, शेगडी, न्हाणीघर सगळं बरोबर. बाहेरच्या अनंत काळोखाकडे पोरं स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावरून बघतात, म्हणून तो काळोख आपल्याला कळतो. आमच्या धाकट्यानं त्याच वेळी उठून आमच्या फ्लॅटच्या दाराची कडी तपासली. दिग्दर्शकाला याहून मोठी पावती कुठली मिळणार?

पुढच्या चिठ्ठ्या सांगत बसत नाही. बहीण न्हाणीघरात उभ्या उभ्या गोठते, बिघडलेला यंत्रमानव वॉल्टरच्या मागे लागतो, सरड्यासारखे झॉरगन घराला लुटायला येतात. महत्त्वाचे आहेत ते खेळाचे नियम. आपली पाळी दुसरा खेळू शकत नाही. आलेली चिठ्ठी नाकारता येत नाही. आणि खेळ संपवायला दोघं लागतात.

आपल्या ओळखीचा एक पट इथे आठवल्याशिवाय राहत नाही. सापशिडीचा जुना अवतार म्हणजे मोक्षपट, आणि परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते. गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप, आणि शेवटच्या घरात मोक्ष. ‘झथुरा’चा पटही पोरांना वागणुकीचे हिशेब शिकवतो, पण त्याच्या घरांवर गुणदुर्गुणांची नावं लिहिलेली नाहीत. लबाडी झाली की साप कुठून येईल ते खेळणाऱ्याला आधी दिसत नाही. लबाडीचा तो प्रसंग तर थोरल्या भावंडांनी टिपून ठेवावा असा आहे. वॉल्टरचं लक्ष नाही असं बघून डॅनी आपलं यान हळूच पुढे ढकलतो. वॉल्टर ते पकडतो आणि न्याय म्हणून मागे ओढू लागतो. पट मात्र वॉल्टरलाच लबाड ठरवतो आणि त्याला थेट घराबाहेरच्या पोकळीत फेकतो. चूक धाकट्याची, शिक्षा थोरल्याला. आमचा थोरला एकदम ओरडला, “आमच्याकडेपण असंच असतं!” रडीचा डाव खेळणारा सुटतो आणि चिडका बिब्बा ठरतो दुसराच, हे घराघरातलं गाऱ्हाणं एका धक्क्यात पडद्यावर येतं.

वॉल्टरला पोकळीतून ओढून आणतो एक अंतराळवीर. एका चिठ्ठीनं तो घरात आलेला असतो. तरुण, विनोदी आणि जरा घाईतला. झॉरगन उष्णतेकडे ओढले जातात हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तो बाबांचा सोफा पेटवून बाहेर ढकलतो आणि शत्रूचं यान त्या जळत्या सोफ्यामागे जातं. खेळातलं सगळं त्याला माहीत आहे. का माहीत आहे, हे नंतर कळतं. तोही पंधरा वर्षांपूर्वी आपल्या भावाबरोबर हाच खेळ खेळत होता. त्याला तुटत्या ताऱ्याची चिठ्ठी आली, म्हणजे एक इच्छा मागायची मुभा. रागाच्या भरात त्यानं भाऊ जन्मालाच आला नसता तर बरं, असं मागितलं. भाऊ नाहीसा झाला. खेळ एकट्यानं संपत नाही, म्हणून हा तेव्हापासून तसाच भटकतो आहे.

भावंडांच्या भांडणात असलं वाक्य किती सहज तोंडातून जातं. आईबाप ते कानाआड करतात. हा चित्रपट ते वाक्य खरं धरतो आणि पंधरा वर्षांच्या काळोखात त्याचं काय होतं ते दाखवतो. उपदेशाचा एकही शब्द नाही. पुढे वॉल्टरलाही तुटता तारा मिळतो तेव्हा सगळे श्वास रोखतात. तो मागतो काय, तर एक सही केलेला फुटबॉल! प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता त्याला कळतं की मोठ्या संकटातून आपण थोडक्यात वाचलो.

आता पुन्हा त्या लाकडी खोक्याकडे येऊ. झॉरगन घरात शिरले आहेत, खेळाचा पट खाली राहिला आहे, आणि तो आणायचा तर भिंतीतल्या त्या पोकळीतूनच जायला हवं. तिथे मावेल एवढा लहान एकटा डॅनीच. सुरुवातीला त्याला त्यात कोंबलं होतं. आता तो स्वतः बसतो आणि दोर वॉल्टरच्या हातात असतो. खोका तोच, अंधार तोच, भाऊही तेच. पहिल्यांदा धाकटं असणं ही शिक्षा होती. दुसऱ्यांदा तेच कामी येतं. पटकथाकार डेव्हिड केप आणि जॉन कॅम्प्स यांची सर्वांत देखणी जोडणी मला हीच वाटते. लिंबूटिंबू डावात धरला जातो तो या क्षणाला.

शेवटी वॉल्टरला पुन्हा तुटता तारा मिळतो आणि तो मागतो की अंतराळवीराचा भाऊ परत यावा. भाऊ येतो. तो हुबेहूब डॅनीसारखा असतो. म्हणजे हा अंतराळवीर दुसरा कुणी नसून भावाला गमावून बसलेला, मोठा झालेला वॉल्टरच. दोन डॅनी एक होतात आणि मोठा वॉल्टर विरत जातो, कारण आता त्याला तसं एकटं मोठं व्हायची गरज उरलेली नाही. माझ्या शेजारी दोन्ही मुलं अगदी गप्प होती. थोरल्यानं फक्त पाय जरा सरकवून धाकट्याला पांघरुणात जागा दिली.

विज्ञानाच्या तराजूत हे सगळं तोलायचं ठरवलं तर पारडं हलकं पडेल. १९७४ साली जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावानं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. तेव्हापासून विज्ञानकथेत विज्ञान किती, हे विचारायची सवय मराठी वाचकाला नारळीकरांनीच लावली. ‘झथुरा’त दार उघडं असूनही हवा घरातच राहते, पोकळीत आवाज ऐकू येतात, सोफा बाहेर गेल्यावरही जळत राहतो. ‘झथुरा’ हा शेवटचा मुक्काम म्हणजे एक कृष्णविवरच, आणि ते घराला गिळून सुखरूप घरी पोचवतं. खरं कृष्णविवर असलं सौजन्य दाखवणार नाही. पण चित्रपट स्वतःला खगोलशास्त्र म्हणवतच नाही. पटावरची रंगीत चित्रं जुन्या काळच्या पत्र्याच्या खेळण्यांसारखी आहेत आणि बाहेरचं अंतराळही त्याच रंगात रंगवलेलं आहे. परीकथेला तिचे स्वतःचे नियम असतात. ते इथे शेवटपर्यंत पाळले आहेत, आणि ही शिस्त मला विज्ञानाच्याच जवळची वाटते.

बनवण्याची रीतही परीकथेला शोभणारी आहे. संगणकावर सगळं रंगवता येण्याच्या काळात फॅवरो यांनी शक्य तेवढं हातानं घडवलं. घराची छोटी प्रतिकृती केली, खरीखुरी मोडतोड होणारा सेट उभारला. यंत्रमानव आणि झॉरगन स्टॅन विन्स्टन यांच्या स्टुडिओनं बनवले, तेच ‘जुरासिक पार्क’च्या डायनासोरवाले. यंत्रमानव चालतो तेव्हा फळ्यांवर त्याचं वजन जाणवतं. आपल्या बालनाट्याची ही जुनी विद्या आहे. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण समोर रंगमंचावर उभी राहते, म्हणून मुलं घाबरतात आणि पुन्हा पुन्हा बघायला येतात. पनवेलच्या फडके नाट्यगृहातून बालनाट्य बघून परतणारी पोरं रिक्षात ज्या सुरात बोलतात, त्याच सुरात आमची दोघं त्या यंत्रमानवाबद्दल बोलत होती. फॅवरो पुढे २००८ साली ‘आयर्न मॅन’ करणार होते हे सांगितल्यावर थोरल्याचा आदर एकदम वाढला, ती गोष्ट वेगळी.

उणं काढायचंच तर लिसाच्या वाट्याला फार थोडं आलं आहे. बराच वेळ ती गोठलेली, उरलेला वेळ अंतराळवीरावर भाळलेली, आणि तो कोण हे कळल्यावर शरमलेली. विनोद जमला आहे, पण ताईला स्वतःची पाळी मिळतच नाही. झॉरगनांची धावपळही मधे लांबते. आई शेवटी मुलांना न्यायला येते तेवढीच. घर जोडायच्या गोष्टीत तिच्यासाठी आणखी जागा हवी होती.

शेवट मात्र अचूक. घर होतं तिथे परत, सगळं जागच्या जागी, बाबा दारात. काही घडलं होतं याची खूण काय? तर डॅनीची सायकल. घराबरोबर उडालेली आणि बाहेर गरगरत राहिलेली ती सायकल आकाशातून धाडकन अंगणात पडते.

मुलांना अंतराळात नेणारे चित्रपट पुष्कळ आहेत आणि त्यांतले काही याहून भव्यही आहेत. भावाबहिणींनी एकत्र बसून बघण्यासारखा मात्र मला हाच वाटतो. सुट्टीत घरी दोन पोरं जमली की लावा. दोघांना एकाच सोफ्यावर बसवा, आणि रिमोट धाकट्याच्या हातात द्या.